जुन्या काळातली पाच-दहा हजार मीटरची शर्यत वाचायची कशी

चेकोस्लोव्हाकियाचा झाटोपेक, सोव्हिएत युनियनचा कुट्स, फ्रान्सचा मिमूं, ब्रिटनचे पिरी आणि चॅटवे ही नावं आपण ऐकलेली असतात, पण बहुतेक जण त्यांचे टायमिंग बघतात, आजच्या टायमिंगशी ताडून बघतात आणि "एवढंच?" म्हणून पुढे जातात. फार वाईट वाटतं मला याचं, कारण साधारण १९४६ ते १९६४ हा लांब पल्ल्याच्या ट्रॅक रनिंगचा सगळ्यात जिवंत काळ आहे आणि तो नुसत्या फायनल टायमिंगमधून अजिबात कळत नाही. तेव्हा शर्यत म्हणजे समोरच्याला विचारलेला प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर कधी दहा दिवसांनी दुसऱ्या शहरात मिळायचं, कधी पाच महिन्यांनी दुसऱ्या खंडात. ते प्रश्न आणि ती उत्तरं कशी शोधायची ते इथे सांगतोय.

लागतं काय तर एक वही, एक पेन, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि स्टॉपवॉच. निकाल ऑलिम्पिकच्या अधिकृत अहवालांत मिळतात आणि बऱ्याच शर्यतींचे थोडेफार तरी तुकडे जुन्या न्यूजरील्समध्ये (बातमीपटांत) बघायला मिळतात. सुरुवातीला एकच शर्यत घ्या, पाच-सहा एकदम घेतल्या की नावं आणि आकडे एकमेकांत मिसळतात आणि हातात काहीच राहत नाही.

सगळ्यात आधी टायमिंगची फेऱ्यांमध्ये फोड करायला शिका. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५००० म्हणजे साडेबारा फेऱ्या आणि १०,००० म्हणजे पंचवीस. एकूण सेकंद काढायचे आणि भागायचे, बस. १४ मिनिटं म्हणजे ८४० सेकंद, भागिले १२.५, म्हणजे फेरीला ६७.२ सेकंद. दहा हजारात ३० मिनिटं म्हणजे फेरीला बरोबर ७२, आणि २९ मिनिटं म्हणजे ६९.६. हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा कारण त्या काळातल्या सगळ्या भिंती इथेच होत्या. १४ मिनिटांची भिंत स्वीडनच्या गुंडर हेगनं १९४२ मध्येच पाडली होती, १३:५८.२, आणि तो विक्रम जवळजवळ बारा वर्षं टिकला. मग झाटोपेकनं ३० मे १९५४ ला पॅरिसमध्ये १३:५७.२ लावले आणि दोनच दिवसांनी, १ जूनला, ब्रसेल्समध्ये १०,००० मीटर २८:५४.२ मध्ये पळून २९ मिनिटांची भिंत पण पाडली. आता फोड करा, १७३४.२ भागिले २५, म्हणजे फेरीला जवळपास ६९.४, सलग पंचवीस वेळा, आणि दोन दिवसांपूर्वीच ५००० चा विश्वविक्रम केलेल्या पायांनी. "२८:५४.२" असं नुसतं वाचून हे कळत नाही. जवळच्या मैदानावर एक फेरी, फक्त एकच, ६९ सेकंदांत पळून बघा, म्हणजे आकडा अंगाला कळेल.

दोन बारीक गोष्टी. एक, टायमिंग हातातल्या घड्याळांवर, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत घेतलेले असायचे, त्यामुळे ०.१ किंवा ०.२ च्या फरकावरून फार मोठे निष्कर्ष काढू नका, तिथे पंचांनी कोणाला आधी धरलं हे महत्त्वाचं. दोन, ब्रिटन आणि कॉमनवेल्थमध्ये बऱ्याच शर्यती यार्डांत होत्या, तीन मैल आणि सहा मैल. तीन मैल म्हणजे ४८२८ मीटर, सहा मैल म्हणजे ९६५६ मीटर. म्हणजे १९५४ च्या व्हँकुव्हरच्या एम्पायर गेम्समध्ये (आजचे कॉमनवेल्थ गेम्स) चॅटवे जिंकला ती "तीन मैल" आहे, ५००० नाही, आणि ते टायमिंग ५००० च्या रांगेत घातलंत तर सगळा हिशोब गंडतो. ४४० यार्डांची फेरी ४०० मीटरपेक्षा साधारण २.३ मीटर मोठी असते तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता ट्रॅक. आजचा सिंथेटिक ट्रॅक डोक्यातून काढून टाका. तेव्हा सिंडर ट्रॅक असायचे, म्हणजे जळलेल्या कोळशाचा भुगा दाबून बसवलेला, त्यावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग पळायचं. ऑलिम्पिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक पहिल्यांदा आला तो १९६८ ला मेक्सिको सिटीत. सिंडरचा प्रॉब्लेम असा की सगळ्यात जास्त मार आतल्या लेनला बसतो, कारण लांब पल्ल्याचे सगळे तिथूनच पळतात, दिवसभराच्या हीट्स (फायनलआधीच्या पात्रता शर्यती) झाल्या की ती लेन उखडलेली असते, पाऊस पडला की चिखल. १९६४ ला टोकियोत अमेरिकेचा बॉब शूल ५००० जिंकला तो ट्रॅक पावसानं भिजलेला होता, टायमिंग १३:४८.८, आणि त्याच्या चार वर्षं आधी रोमला न्यूझीलंडचा हॅलबर्ग १३:४३.४ मध्ये जिंकलेला. म्हणून शूल कमी दर्जाचा होतो का? अजिबात नाही. काही लोक सिंडरसाठी फेरीला इतके सेकंद वजा करा असा फॉर्म्युला सांगतात, मला तो पटत नाही, कारण प्रत्येक ट्रॅक वेगळा, प्रत्येक दिवस वेगळा. त्यापेक्षा त्याच दिवशीच्या, त्याच ट्रॅकवरच्या दुसऱ्या शर्यती बघा, आणि त्याच माणसाचं त्या वर्षातलं बाकीचं टायमिंग बघा.

हे झालं की खरी मजा, म्हणजे एका शर्यतीची चिरफाड. पहिली शर्यत म्हणून मी नेहमी हेलसिंकी १९५२ चं ५००० सुचवतो. झाटोपेकनं २० जुलैला १०,००० जिंकलेलं होतं (२९:१७.०, दुसरा मिमूं, पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मागे), आणि ५००० ची फायनल होती २४ ला. मधे ५००० ची हीट पण पळायची होती, हे विसरायचं नाही. फायनलमध्ये बराच वेळ जर्मनीचा हर्बर्ट शाडे पुढे होता. आता व्हिडिओ शेवटच्या फेरीवर आणा आणि थांबवत थांबवत बघा. घंटा होते, झाटोपेक जोर लावतो आणि पुढे दिसतो, वाटतं संपलं. मग पलीकडच्या सरळ पट्ट्यावर चॅटवे त्याला मागे टाकतो, त्याच्यामागून शाडे आणि मिमूं पण निघून जातात, झाटोपेक चौथा. इथे थांबा. मेडलच्या बाहेर, दीडशे-दोनशे मीटर उरलेत, पायात चार दिवसांपूर्वीचे दहा हजार मीटर आहेत. पुन्हा चालू करा. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूनं येतो, म्हणजे जास्त अंतर कापून, मान वाकडी, तोंड उघडं, खांदे वर चढलेले, आणि तिघांनाही गाठतो. त्याच वळणावर चॅटवेचा पाय आतल्या कडेला लागतो आणि तो पडतो. झाटोपेक १४:०६.६, मिमूं १४:०७.४, शाडे १४:०८.६. चॅटवे उठून पाचवा आला.

आता वही. ८४६.६ भागिले १२.५, सरासरी फेरी ६७.७. आणि शेवटची फेरी ५८ सेकंदांच्या आत! सरासरीपेक्षा जवळपास दहा सेकंद कमी. हा फरक प्रत्येक शर्यतीत काढायचा, सरासरी फेरी आणि शेवटची फेरी. फरक मोठा असेल तर समजायचं की शर्यत शेवटासाठी राखून ठेवलेली होती. फरक नसेल किंवा शेवटची फेरी सरासरीच्या आसपास असेल तर निर्णय आधीच कुठेतरी झालेला आहे आणि तो कुठे झाला ते शोधायचं. मला विचाराल तर या सगळ्या अभ्यासातली सर्वात कामाची सवय हीच.

त्यानंतर साखळी जोडायची. एका शर्यतीत हरलेला माणूस पुढच्या शर्यतीत काय वेगळं करतो ते बघायचं. याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे व्लादिमीर कुट्स, सोव्हिएत नौदलातला माणूस, १९५४ च्या ऑगस्टपर्यंत बाहेरच्या जगाला फारसा माहीत नसलेला. बर्नला युरोपियन चँपियनशिपमध्ये ५००० ला तो सुरुवातीपासून सुटला. चॅटवे आणि झाटोपेक एकमेकांकडे बघत राहिले, दोघांनाही वाटलं हा दमेल, आणि तो दमलाच नाही, १३:५६.६, विश्वविक्रम, झाटोपेक तिसरा. हा झाला कुट्सचा प्रश्न, मला एकट्याला सोडलंत तर काय कराल?

उत्तर चॅटवेनं दिलं, १३ ऑक्टोबरला लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर. सोडायचंच नाही, पाठीला चिकटून राहायचं आणि अगदी फितीपाशी पुढे जायचं. चॅटवे १३:५१.६, नवा विश्वविक्रम, कुट्स १३:५१.७. दहा दिवसांनी, २३ ऑक्टोबरला, कुट्सनं प्रागमध्ये १३:५१.२ पळून विक्रम परत घेतला. पण टायमिंग परत मिळालं तरी प्रश्न सुटला नव्हता, म्हणजे पाठीला चिकटणाऱ्याचं करायचं काय. वीस महिन्यांनी, १९ जून १९५६ ला नॉर्वेतल्या बर्गनमध्ये गॉर्डन पिरीनं पुन्हा तेच केलं, कुट्सची पाठ धरली आणि शेवटी सुटला, १३:३६.८, विश्वविक्रम. कुट्स १३:३९.६, तोही हंगेरीच्या शांडोर इहारोशच्या आधीच्या १३:४०.६ पेक्षा कमी, म्हणजे जुना विश्वविक्रम मोडूनही माणूस हरला.

आता मेलबर्न १९५६ चं १०,००० उघडा. बर्गन माहीत नसेल तर ही शर्यत वेड्यासारखी वाटते, माहीत असेल तर प्रत्येक फेरीला अर्थ आहे. कुट्स पहिलीच फेरी ६१-६२ सेकंदांत काढतो, दहा हजाराच्या शर्यतीत! मग वेग कमी, मग अचानक पुन्हा झटका, पुन्हा कमी, पुन्हा झटका. पिरी प्रत्येक वेळी अंतर भरून काढतो, पाठ सोडत नाही, कारण बर्गनला तेच चाललं होतं. पण एका ठरावीक वेगानं चिकटून राहणं वेगळं आणि दर थोड्या वेळानं तोडलेलं अंतर पुन्हा पुन्हा भरणं वेगळं, दोराला सतत झटके दिले की कुठेतरी धागे सुटायला लागतात. पहिले ५००० मीटर साधारण १४:०७ ला गेले. हा आकडा वहीत मागे जाऊन बघा, चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत ५००० चं गोल्ड १४:०६.६ ला मिळालं होतं, आणि इथे अजून तेवढंच अंतर बाकी आहे.

आठ किलोमीटरच्या सुमारास कुट्स चक्क वेग काढून घेतो, बाजूला होतो आणि पिरीला पुढे जायला लावतो. पिरी थोडा वेळ पुढे राहतो, कुट्स शेजारून त्याला न्याहाळतो, आणि मग जो झटका देतो त्याला पिरीकडे उत्तर नाही. ही जागा नक्की शोधा, शर्यतीचा निर्णय इथे आहे. पिरी घसरत घसरत आठवा आला, कुट्सच्या एक मिनिटाहून जास्त मागे. कुट्स २८:४५.६, दुसरा हंगेरीचा योझेफ कोवाच २८:५२.४, तिसरा ऑस्ट्रेलियाचा ॲलन लॉरेन्स. पाच दिवसांनी ५००० ला कुट्स जिंकला १३:३९.६ मध्ये, दुसरा पिरी अकरा सेकंद मागे. लोक पिरीला हरलेला माणूस म्हणून सोडून देतात, मला ते मान्य नाही. त्या शर्यतीत खरा धोका पत्करणारा दुसरा माणूस तोच होता, सुरक्षित पळून चौथा-पाचवा येणं त्याला सहज जमलं असतं. कुट्सनं पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९५७ ला, रोममध्ये १३:३५.० लावले आणि तो विक्रम १९६५ पर्यंत टिकला.

मेलबर्नबद्दल अजून एक, शर्यतीच्या बाहेरचं कॅलेंडर पण बघायचं. ते ऑलिम्पिक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतं, युरोपातल्या धावपटूंचा सीझन एरवी ऑक्टोबरपर्यंत संपतो, म्हणजे त्यांना फॉर्म दीड-दोन महिने जास्त ताणून धरायचा होता. आणि हंगेरीच्या लोकांचं तर विचारूच नका, मिहाय इग्लोईच्या हाताखाली इहारोश, ताबोरी आणि रोझावोल्जी या तिघांनी १९५५-५६ मध्ये विक्रमांचा पाऊस पाडला होता, इहारोशनं जुलै १९५६ मध्ये १०,००० चा पण विक्रम केलेला, आणि ऑलिम्पिकच्या काहीच आठवडे आधी त्यांच्या देशात उठाव झाला, रणगाडे आले. इहारोश मेलबर्नला पळालाच नाही. निकालाच्या तक्त्यात ही रिकामी जागा दिसत नाही, ती आपण वहीत लिहायची.

ट्रेनिंगचं पण थोडं बघावं लागतं, नाहीतर झटके देणं आणि सहन करणं कुठून येतं ते कळत नाही. झाटोपेकचं एक ठरलेलं वर्कआउट होतं, ५ वेळा २००, मग २० वेळा ४००, मग परत ५ वेळा २००, मधे प्रत्येक वेळी २०० मीटर हळू जॉगिंग. बेरीज करा, जोरात १० किलोमीटर आणि जॉगिंगचे जवळपास सहा. पुढे तो ४० वेळा ४०० पर्यंत गेला. म्हणजे वेग बदलणं हेच त्याचं रोजचं जेवण होतं, हेलसिंकीचं शेवटचं वळण तिथूनच आलं. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलरनं हृदयाच्या ठोक्यांवरून इंटरव्हल (जोरात आणि हळू आलटून पालटून पळणं) आखले, जोरात पळून ठोके १८० पर्यंत न्यायचे आणि १२० ला उतरले की पुढचा रिपीट, पिरी त्याचाच शिष्य. न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डनं वेगळी वाट घेतली, आधी आठवड्याला शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटरचा पाया, वेग नंतर. ही ट्रेनिंग स्वतः करायला जाऊ नका हां, शर्यत समजण्यासाठी वाचा. वाचताना एवढंच बघायचं की या ट्रेनिंगनं माणूस शर्यतीत कुठे स्ट्राँग होणार, मधे की शेवटी.

लंडन १९४८ साठी हेच डोळे वापरा. १०,००० ला झाटोपेकनं फेरीला ७१ सेकंद धरले होते आणि स्टँडमधून त्याला बनियन दाखवून खुणा केल्या जायच्या, लाल दिसली की मागे पडतोयस. फिनलंडच्या विश्वविक्रमवीर हाइनोनं शर्यत अर्धवट सोडली, झाटोपेक २९:५९.६. दुसऱ्याच दिवशी ५००० च्या हीटमध्ये तो स्वीडनच्या आल्डेनबरोबर शेवटी जिवाच्या आकांतानं पळाला, खरंतर दोघंही आरामात पुढे जाणार होते, काही गरजच नव्हती. मग फायनलला बेल्जियमचा गास्तों राइफ बराच पुढे निघून गेला, झाटोपेक शेवटच्या फेरीत वेड्यासारखा आला आणि ०.२ सेकंदानं कमी पडला, १४:१७.६ आणि १४:१७.८. म्हणून फायनलच्या आधी हीट्स उघडा. कोण किती जोरात पळाला, किती जण पुढे जाणार होते, मधे किती दिवस होते. १०,००० ला त्या काळात ऑलिम्पिकमध्ये थेट फायनलच असायची, ५००० ला हीट्स, त्यामुळे दोन्ही पळणाऱ्याच्या पायात तीन शर्यती असतात.

महिलांच्या शर्यती शोधायला जाल तर पान कोरं सापडेल आणि त्याचं कारण वहीत ठळक लिहून ठेवा, त्यांना पळूच दिलं जात नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये १९२८ नंतर महिलांचं ८०० मीटर थेट १९६० ला परत आलं, १०,००० साठी १९८८ उजाडलं, ५००० साठी १९९६. म्हणजे "जगातले सर्वात चांगले" असं आपण ज्यांना म्हणतोय ते अर्ध्या जगातले सर्वात चांगले.

जुनं फिल्म बघताना एक गोष्ट सांभाळा, न्यूजरील कापलेली असते, पंचवीस फेऱ्यांची शर्यत दोन मिनिटांत, त्यामुळे पुढच्या शॉटमध्ये दिसणारी फेरी लगेचची फेरी असेलच असं नाही. आणि कृष्णधवलमध्ये जर्सीचे रंग कळत नाहीत, माणूस ओळखायचा तो पळण्याच्या ढबीवरून आणि छातीवरच्या नंबरवरून. झाटोपेक लांबूनही ओळखू येतो, डोकं डोलतं, चेहरा पिळवटलेला.

हात बसला की दोन शर्यती घ्या. रोम १९६० चं ५०००, लिडियार्डचा शिष्य मरे हॅलबर्ग, रग्बीत जखमी होऊन निकामी झालेला डावा हात पोटाशी धरून पळणारा. तीन फेऱ्या उरलेल्या असताना तो सुटतो, जेव्हा बाकी सगळे शेवटच्या फेरीची वाट बघत असतात, आणि मग शेवटची फेरी अक्षरशः स्वतःला ओढत पूर्ण करतो. इथे सरासरी आणि शेवटच्या फेरीची आपली युक्ती उलटी चालते, शेवटची फेरी सगळ्यात हळू आणि तरी गोल्ड.

दुसरी टोकियो १९६४ चं १०,०००. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क विश्वविक्रमवीर, ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी आणि अमेरिकेचा बिली मिल्स त्याच्या बरोबर, आणि शेवटच्या फेरीत ट्रॅकवर एक-एक फेरी मागे पडलेल्या धावपटूंची गर्दी. पहिल्यांदा बघाल तेव्हा नजर क्लार्क आणि गमूदीवर राहील, धक्काबुक्की तिथेच आहे, मिल्स तर बाहेर फेकला जातो. दुसऱ्यांदा बघताना ती दोघं सोडून द्या आणि शेवटच्या वळणानंतर फक्त बाहेरच्या लेनकडे बघा, तिथे आतल्या लेनइतकी उखडलेली सिंडर नाही आणि मिल्स तिथूनच येतो. २८:२४.४, गमूदी २८:२४.८, क्लार्क २८:२५.८.